नसलेल्या विषाणूचा ताप

पद्मजाताईंकडे मी गाडी शिकले ते २००५ साली. नवीन पनवेलमध्ये तेव्हा फक्त बायकांना गाडी शिकवणारी बाई म्हणजे त्या एकट्याच. त्यांची पांढरी मारुती, डाव्या सीटखाली बसवून घेतलेला जास्तीचा ब्रेक आणि क्लच, आणि मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात ‘शिकाऊ चालक, कृपया हॉर्न वाजवू नये’ ही पाटी. लोक हॉर्न वाजवायचेच. ताई खिडकीतून हात बाहेर काढून शांतपणे म्हणायच्या, “वाजवून झाला की पुढे जा, दादा.”

त्यांचं माहेर शिरढोणचं. वडील एसटीत चालक होते. मुलीला सायकल शिकवावी इतक्या सहज त्यांनी ताईंना जीप शिकवली होती. नवरा विनायकराव जासईच्या एका कंटेनर यार्डात कारकून. मुलगी मिताली तेव्हा तीन वर्षांची होती.

शिकवायला त्या आम्हाला उलव्याच्या बाजूला न्यायच्या. सिडकोने तिथे रस्ते आधी आखले होते, माणसं नंतर यायची होती. रुंद, सरळ, मोकळे रस्ते. क्वचित एखादी म्हैस. भर दुपारी, काचा खाली करून, ताई डाव्या सीटवर बसलेल्या असायच्या. उन्हाचं त्यांना काही वाटायचं नाही. “उन्हात चालवायला शिकलात तर कुठेही चालवाल,” असं म्हणायच्या.

२००६ साली चिकनगुनियाची साथ आली. आमच्या सेक्टरमध्ये एक घर सुटलं नाही. माणसं कमरेत वाकून चालायला लागली. ताईंनाही ताप आला, बोटांचे सांधे सुजले, सकाळी उठून पेस्टचं झाकण उघडता येईना. घराजवळच्या डॉक्टरांनी चिकनगुनियाचं औषध दिलं. त्यात त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. त्या महिन्यात त्यांच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना तेच होतं.

पुढे बाकीचे हळूहळू सरळ झाले, ताई काही झाल्या नाहीत. ताप उतरायचा आणि पंधरा दिवसांनी परत यायचा. तोंडात फोड यायचे. कंगव्यात केसांचे पुंजके निघायचे. मग दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठला, आणि दुपारचे वर्ग घेतले की तो आणखी लाल व्हायचा. एकदा भाजीवाल्या बाईने त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “ताई, घरात मारतात का तुमाला?” ताई हसत हसत घरी आल्या आणि विनायकरावांना हे सांगताना मात्र रडल्या.

मलेरिया तपासला, टायफॉइड तपासला, चिकनगुनियाही रक्तात आहे का ते पाहिलं. काहीच नव्हतं. “रिपोर्ट नॉर्मल आहेत,” असं ऐकून बाहेर पडताना त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. त्या मला म्हणाल्या होत्या, “रिपोर्ट नॉर्मल आणि मी अशी. म्हणजे मी नाटक करते का?”

२००७च्या फेब्रुवारीत कुणीतरी डॉ. अरुंधतींचं नाव सांगितलं. त्या सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञ, दर गुरुवारी मुंबईहून पनवेलला यायच्या. त्यांनी ताईंचे हात उलटेपालटे करून पाहिले, गाल पाहिले, तोंड उघडायला लावलं, आणि एक वेगळी रक्ततपासणी लिहून दिली. पुढच्या गुरुवारी कागद समोर ठेवून त्या म्हणाल्या, “तुम्ही नाटक करत नाही आहात. तुम्हाला लूपस आहे.”

ताईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं. “इथे डीएनए लिहिलंय. ते गुन्ह्यात तपासतात ना?”

“तेच. तुमचं रक्त तुमच्याच डीएनएविरुद्ध प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करतंय.”

“माझ्याच? का?”

डॉक्टरांनी बाहेरच्या रांगेकडे एकदा पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली. “असं बघा. विषाणू म्हणजे काय? एवढासा डीएनए नाहीतर आरएनए, आणि त्याच्याभोवती वेष्टन. वेष्टन तो बदलू शकतो. पण आतला डीएनए, आरएनए टाकून तर येऊ शकत नाही, कारण विषाणू म्हणजे मुळात तेच. म्हणून आपल्या पेशींनी युक्ती केली. बाहेरून गिळलेल्या गोष्टी पेशीच्या आत बारीक पिशव्यांमध्ये जातात, तिथे त्या फोडून तपासल्या जातात. त्या पिशव्यांमध्ये संवेदक असतात. तिथे डीएनए, आरएनए हाताला लागला, की समजायचं विषाणू आला, आणि धोक्याची घंटा वाजवायची.”

“पण डीएनए तर आपलाही असतो.”

“असतो ना. पण तो पेशीच्या केंद्रकात, बंद खोलीत. या पिशव्यांमध्ये त्याने असायचं नाही. रोज आपल्या असंख्य पेशी मरतात, त्यांचा डीएनए बाहेर पडतो, आणि शरीर झाडलोट करून टाकतं. तुमच्याकडे ही झाडलोट मागे पडते. मग तुमचाच डीएनए चुकीच्या जागी जातो, आणि संवेदकाला वाटतं विषाणू आला.”

ताई मग म्हणाल्या, “म्हणजे एकदम राँग साइडने आलेली घरचीच गाडी.”

“हो,” डॉक्टर हसल्या. “आणि हवालदार शिट्टी मारतोय. शिट्टी थांबतच नाही. त्या घंटेचं नाव इंटरफेरॉन. विषाणूच्या तापात अंग मोडून येतं ना, ते बरंचसं त्याचंच काम. तुम्हाला विषाणूचा ताप येतो. फक्त विषाणू नाही.”

विनायकरावांनी विचारलं, “आणि ऊन?”

“उन्हाने कातडीतल्या पेशी मरतात, त्यांचा डीएनए सांडतो. तुमच्यासाठी ऊन म्हणजे कचऱ्यात भर.”

मग त्यांनी गोळी लिहून दिली. औषधाच्या दुकानातला माणूस चिठ्ठी पाहून म्हणाला, “मलेरिया झालाय का?” कारण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मुळात त्याच घराण्यातली गोळी. डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. लूपसवर ती कित्येक वर्षं देतात, पण का लागू पडते ते आत्ता आत्ता कळायला लागलंय. त्या पिशव्यांमध्ये आम्ल असतं, आणि आम्लाशिवाय संवेदकाचं काम चालत नाही. गोळी तिथे जाऊन साठते, आम्ल कमी करते, घंटा मंद होते. लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी.

आणि तसंच झालं. मे महिन्यात एका सकाळी ताईंनी पेस्टचं झाकण उघडलं आणि ते हातात घेऊन त्या बाथरूममधून बाहेर आल्या. विनायकराव डबा भरत होते. दोघंही त्या झाकणाकडे पाहत राहिले.

पुढची दोन वर्षं चांगली गेली. दुपारचे वर्ग बंद झाले. रोज रात्रीच्या जेवणात विनायकराव ताटाच्या कडेला, मिठाच्या शेजारी, गोळी ठेवायचे. त्याबद्दल काही बोलायचे नाहीत. ताईही बोलायच्या नाहीत.

२००९च्या उन्हाळ्यात ताईंनी गोळ्यांच्या खोक्यातला पातळ कागद वाचला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हे औषध दीर्घकाळ घेतल्यास डोळ्यांच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरांनी वर्षातून एकदा डोळे तपासायला सांगितलं होतं, हे खरं. पण ‘तपासून घ्या’ आणि ‘कायमची इजा’ यांत फार अंतर आहे. सांधे दुखले तरी गाडी शिकवता येते. केस गेले तरी येते. डोळे गेले तर काय?

त्यांनी कुणालाही विचारलं नाही. ताटातली गोळी त्या मुठीत घ्यायच्या, पाणी प्यायच्या, आणि नंतर लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत टाकायच्या. बरणी मितालीच्या जुन्या कपड्यांच्या मागे होती. पहिले दोन-तीन महिने काहीच झालं नाही, कारण ते औषध अंगात बरेच दिवस टिकतं. ताईंना वाटलं आपण बऱ्या झालो. त्यांनी दुपारचा एक वर्ग परत सुरू केला.

त्या वर्गात फहमिदा होती. पनवेलच्या मोहल्ल्यातली, तेवीस-चोवीस वर्षांची, कोकणी मुसलमान कुटुंबातली. तिचा नवरा इमाद कुवेतला होता, आणि त्याची गाडी घरासमोर ताडपत्रीखाली उभी होती. लहानग्या हमझाला त्या गाडीतून शाळेत सोडायचं, एवढंच तिला हवं होतं. पण ती फार घाबरायची. समोरून सायकल आली तरी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात तोंडावर न्यायची. ताई म्हणायच्या, “फहमिदा, डोळे झाकलेस तर सायकलवाल्याला कोण बघणार?”

नोव्हेंबरातली गोष्ट. तिचा नववा धडा. गव्हाणच्या पुढे ताईंनी तिला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. दोन दिवस त्यांना कणकण होती, छातीत टोचत होतं. आता श्वासच पुरेना. बोललं की खोकला, खोकला की कळ. त्यांनी विनायकरावांना फोन लावला. ते जासईहून लगेच निघाले, पण बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग लागलेली होती. एक एक ट्रेलर मुंगीसारखा सरकत होता.

“मॅडम, कुणाला तरी थांबवू?” फहमिदा रडवेली झाली.

“पहिला गिअर टाक.”

“माझ्याच्याने नाही होणार. अल्ला कसम, नाही होणार.”

“होईल. माझा पाय ब्रेकवर आहे.”

ताईंचा पाय ब्रेकवर होता, पण पायात जोर नव्हता. हे ताईंना माहीत होतं, फहमिदाला नव्हतं. तिने गाडी सुरू केली. पनवेलपर्यंत ती दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. प्रत्येक ट्रेलर शेजारून जाताना तोंडाने दुवा पुटपुटायची आणि स्टिअरिंग असं धरायची, की बोटं पांढरी पडायची. डावीकडून मधूनमधून क्षीण आवाज यायचा, “आरसा बघ... आता क्लच... हळू सोड.” दोनदा गाडी बंद पडली. मागून हॉर्न वाजले. पण तिने एकदाही डोळे झाकले नाहीत.

रुग्णालयाच्या फाटकातच गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. फहमिदा चावी तशीच ठेवून उतरली आणि ओरडत आत पळाली. पहारेकरी म्हणत होता, “बाई, गाडी बाजूला घ्या,” आणि ती म्हणत होती, “मला येत नाही बाजूला घ्यायला, तुम्ही घ्या!”

ताईंच्या फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं. लघवीतून प्रथिनं जात होती, म्हणजे मूत्रपिंडालाही झळ लागली होती. गुरुवार नसताना डॉ. अरुंधती आल्या. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, “गोळी चालू आहे ना?”

विनायकराव म्हणाले, “रोज. मीच देतो.”

ताईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग तिकडेच पाहत त्यांनी बरणीचं सांगितलं.

विनायकराव उठून बाहेर गेले. ताईंना वाटलं, संपलं. अर्ध्या तासाने ते परत आले ते चहाचा थर्मास घेऊन. कपात चहा ओतताना एवढंच म्हणाले, “पद्मा, घाबरली होतीस तर मला सांगायचंस. दोघं मिळून घाबरलो असतो.”

डॉक्टरही रागावल्या नाहीत. त्या पलंगावर बसल्या. “भीती खोटी नाही,” त्या म्हणाल्या. “काही जणांच्या डोळ्यांना होतं. पण बहुतेक वेळा बऱ्याच वर्षांनी, डोस जास्त असेल तर जास्त, आणि वेळेवर तपासलं तर तुम्हाला दिसायच्या आधी आम्हाला दिसतं. हे मी पहिल्या दिवशी नीट सांगायला हवं होतं. मी नुसतं ‘डोळे तपासा’ म्हणाले. चूक माझीही आहे.”

“मी गोळी थांबवली म्हणून हे झालं?”

“थांबवली आणि उन्हात गेलात. घंटा परत वाजायला लागली.”

पुढचे सात-आठ महिने कठीण गेले. स्टेरॉइडने चेहरा सुजला. सात वर्षांची मिताली लांबूनच बघायची. एक दिवस जवळ येऊन तिने आईच्या गालात बोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, “मऊ आहे.” मग रोज शाळेतून आली की ती तिथे गाल टेकून बसायची. ताई मला म्हणाल्या होत्या, “सूज उतरायला लागली तेव्हा तिला वाईट वाटलं गं.”

फहमिदाने जानेवारीत परीक्षा दिली आणि पास झाली. ताडपत्री निघाली. त्यानंतर ताईंना दर गुरुवारी दवाखान्यात न्यायचं काम तिने आपणहून घेतलं. हमझा मागच्या सीटवर. विनायकराव संकोचून म्हणाले, “तुम्हाला दर आठवड्याचा त्रास,” तर ती म्हणाली, “भाईसाहेब, माझी प्रॅक्टिस होते.” एका गुरुवारी तिने पाहिलं, की खिडकीतून ताईंच्या हातावर ऊन पडतंय आणि ताई हात पदराखाली लपवतायत. तिने सिग्नलला आपले काळे हातमोजे काढून त्यांच्या मांडीवर ठेवले.

“अगं, तुझे?”

“घरी अजून आहेत. तुम्ही घाला.”

ताईंनी २०१०च्या पावसाळ्यानंतर वर्ग परत सुरू केले. वेळ फक्त सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाचनंतर. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला ओढणी, डोळ्यांवर गॉगल, हातात ते मोजे. मोहल्ल्यातल्या बऱ्याच बायका आता फहमिदाच्या सांगण्यावरून त्यांच्याकडे यायच्या. एकदा परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी गाडीत डोकावून पाहिलं, तर पुढे दोन झाकलेल्या बायका. “यातली शिकणारी कोण?” त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, “जी घाबरलेली नाही ती. मी तिच्यासाठी घाबरलेय.”

विनायकरावांनी गाडीच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावून घेतली होती. २०१२ साली काचांवरच्या सगळ्या फिल्म काढायचा न्यायालयाचा आदेश आला. चौकात हवालदाराने गाडी अडवली. ताईंनी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, त्याने ती उभ्या उभ्या पूर्ण वाचली. “मावशी, मला समजतंय. पण नियमात आजारपण लिहिलेलं नाही,” तो म्हणाला. मग त्याने ब्लेड मागवलं, गाडी झाडाच्या सावलीत घ्यायला लावली आणि स्वतः हलक्या हाताने, काचेला चरा न पाडता, फिल्म सोलून काढली. ताईंना त्याचा राग आला नाही. मला सांगताना म्हणाल्या, “सावलीत घ्या म्हणाला. चिठ्ठी वाचली होती त्याने.”

गोळी चालू राहिली. दर वर्षी डोळ्यांची तपासणी व्हायची आणि तिच्या आधीचा आठवडा घरात सगळे जपून बोलायचे. दर वर्षी पडदा ठीक असायचा.

२०१७च्या ऑगस्टमध्ये मात्र ताईंना पेपर वाचता येईना. अक्षरं पुसट व्हायची. आधी त्यांनी दिवा बदलला. मग पेपरवाल्याला विचारलं, छपाई बिघडलीय का. मग एका सकाळी शिकाऊ परवान्याच्या अर्जावरची जन्मतारीख त्यांना वाचता आली नाही, आणि त्यांना गोळ्यांच्या खोक्यातला तो पातळ कागद आठवला.

या वेळी त्यांनी बरणी शोधली नाही. विनायकराव अंघोळ करून येईपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, मला अक्षरं दिसत नाहीत.” विनायकरावांनी कामावर फोन करून सुट्टी सांगितली. मिताली पंधरा वर्षांची होती, तिनेही शाळा बुडवली. तिघं मिळून गेले. मला ताईंनी वाटेतूनच फोन केला होता, म्हणून मीही जाऊन बसले. बाकावर चौघं.

आत बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घातले, एका यंत्रावर हनुवटी टेकवून पडद्याचे थर पाहिले, मग अंधारात दिवा लुकलुकला की बटण दाबायचं असा एक लांबलचक खेळ झाला. डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सगळे कागद दोनदा पाहिले.

“पडदा एकदम छान आहे,” त्या म्हणाल्या. “दहा वर्षं गोळी घेऊनही.”

“मग मला दिसत का नाही?”

“लांबचं दिसतं ना?”

“लांबचं सगळं दिसतं.”

“वय काय तुमचं?”

“एक्केचाळीस.”

“मग काय!” डॉक्टर म्हणाल्या. “चाळिशी लागली तुम्हाला. जवळचा चष्मा लागेल.”

ताई मग हसायला लागल्या. इतक्या, की डॉक्टरांनी घाबरून विनायकरावांकडे पाहिलं. विनायकराव रुमालात नाक शिंकरत होते. मिताली म्हणत होती, “आई, हळू, बाहेर लोक आहेत.”

“असू देत,” ताई म्हणाल्या. “चाळिशी लागलीय मला! सगळ्यांना लागते तशी!”

पुढच्या गुरुवारी त्यांनी हे डॉ. अरुंधतींना सांगितलं, तर त्याही हसल्या. त्या दिवशी रांग कमी होती. ताईंनी विचारलं, की ही घंटा कायमची काढून टाकता येत नाही का. डॉक्टर म्हणाल्या, काढली तर खरा विषाणू आला की कोण ओरडणार? पण तिचा आवाजच अडवणारी, इंटरफेरॉनला आवरणारी औषधं परदेशात तपासली जात आहेत. आणि गंमत म्हणजे एक मलम असंही आहे, जे हीच घंटा मुद्दाम वाजवतं, चामखिळांवर आणि कातडीच्या काही कर्करोगांवर, जिथे शरीर झोपून राहिलेलं असतं. “कुणाची घंटा वाजवायची, कुणाची थांबवायची, एवढंच आम्ही शिकतोय,” त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर बसली होती. गालावर तोच लाल चट्टा, हातात तोच रिपोर्ट. ताई तिच्या शेजारी बसल्या. पर्समधून नवा चष्मा काढून नाकावर ठेवला, तिचा कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, “हे बघ, इथे डीएनए लिहिलंय ना? घाबरू नकोस. मी सांगते ते काय असतं.”